माईंच्या वृंदावनातलं रोप

माईंनी फ्रीझर उघडला, मटारच्या पिशवीवर ठेवलेली पुडी बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरून विचारलं, "हे काय आहे? आणि गारठवण्यासारखा काय गुन्हा केला त्यानं?"

"बी आहे माई. कॅटनिपचं."

"खायचं?"

"पेरायचं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी पाण्यात भिजत घालायचं, मग मातीत. त्याचं कवच फार टणक असतं. असं केलं की ते फुटतं."

माईंनी पुडी पुन्हा मटारवर ठेवली आणि दार लावलं. "आधी गारठवायचं, मग बुडवायचं, मग पुरायचं. आणि एवढं सोसून त्यानं हसत वर यायचं. अगदी सून आणल्यासारखंच आहे."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याला गोडोलीत त्यांचं बैठं घर, पुढे अंगण, मागे परस. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती आणि त्या दवाखान्यातून बऱ्या होऊन घरी आल्या होत्या. माझं ऑफिस तेव्हा लॅपटॉपमध्ये मावत होतं, म्हणून माझी रवानगी साताऱ्याला झाली. माझा नवरा हेमंत पुण्यातच राहिला. त्याचं काम कारखान्यात, आणि कारखाना लॅपटॉपमध्ये मावत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे मी माईंची काळजी घ्यायला आले होते. हेमंतच्या मते मी साक्षीदार होते.

त्याची तक्रार मी यायच्या आधीची. माई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या असताना दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. एकदा नव्हे, दोनदा. आणि मग एका सकाळी शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं. गॅस घरभर पसरला. त्याचा वास भिंतीपलीकडच्या निकमकाकूंना आला आणि स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसलेल्या माईंना आला नाही. काकू धावत आल्या, खिडक्या उघडल्या, म्हणून निभावलं.

"आजारात तिचं नाक गेलंय," हेमंत म्हणाला. "ती एकटी राहू शकत नाही. घर बंद करायचं आणि तिला पुण्याला आणायचं."

"माझं नाक शाबूत आहे," माई म्हणाल्या. "त्या दिवशी मी विचारात होते."

"कसल्या विचारात?"

"ते तुला का सांगू?"

दोघंही एकाच मातीचे. शेवटी तोडगा माईंनीच काढला. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा अंगणातल्या वृंदावनात कुणी पाणी घातलं नव्हतं आणि तुळस वाळून गेली होती. आजाराबद्दल माई एक अक्षर बोलल्या नाहीत, पण तुळशीचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. त्या तुळशीच्या जुन्या मंजिऱ्यांचं बी त्यांनी हळदीच्या डबीत जपून ठेवलं होतं. त्या हेमंतला म्हणाल्या, "हे पेरते. तुळशीच्या लग्नापर्यंत वृंदावनात माझी तुळस उभी राहिली, तर मी इथंच राहीन. नाही राहिली, तर तुझ्याबरोबर येते. पुन्हा त्यावर बोलणार नाही."

हेमंत लगेच कबूल झाला. नंतर मला एकटीला फोनवर म्हणाला, "त्या डबीतलं बी मी पाहिलंय. भुकटी झालीय त्याची." हेमंत इंजिनियर आहे. बुडणाऱ्या होडीत तो कधी बसत नाही.

आमचा पुण्यातला फ्लॅट तसा चांगला आहे. आमच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते आणि त्यांच्या बाल्कनीतून आमची. ऊन दोघांनाही मिळत नाही. मांजर पाळायला सोसायटीची बंदी. आणि माईंकडे हवालदार होता. हवालदार हा पिवळा, थोराड, एक कान फाटलेला बोका. रोज संध्याकाळी सगळ्या आळीत गस्त घालायचा, म्हणून हे नाव.

माईंनी त्या घरात राहावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी जिवंत राहावं असंही वाटत होतं. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते मला कळत नव्हतं, म्हणून मी बागेत लक्ष घातलं.

बागेची अवस्था बिकट होती. वांग्यांवर मावा, संध्याकाळी डासांची फौज, आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात हवालदार झोपलेला. बागकामाच्या एका गटावर कुणीतरी लिहिलं होतं की या सगळ्यावर कॅटनिप लावा. पुदिन्याच्या जातीतली वनस्पती आहे, किडे तिच्या वाऱ्याला थांबत नाहीत, फुलं आली की मधमाश्या येतात, आणि मांजरं तिच्यावर इतकी फिदा होतात की बाकीच्या वाफ्यांकडे बघत नाहीत. मी बी मागवलं. माईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि स्वयंपाक करत नाही का ती?" एवढंच विचारलं.

आम्ही दोघींनी एकाच सकाळी पेरणी केली. माईंनी वृंदावनात तुळशीचं बी टाकलं. मी डाळिंबाखाली कुंड्या मांडल्या, गारठवून भिजवलेलं बी पसरलं, वर चिमूटभर माती भुरभुरली आणि पिचकारीनं पाणी मारलं. आठवडा-दीड आठवड्यात माझ्या कुंड्यांत हिरवी पालवी दाटली. वृंदावनात काहीच झालं नाही. माईंनी पुन्हा बी टाकलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा डबी उलटी करून तळाशी टिचकी मारली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

नाकाचं म्हणाल तर माझी खात्री पटायला फार दिवस लागले नाहीत. फोडणी दिली की त्या मला हाक मारायच्या. "बघ गं, हिंग जास्त झाला का?" मी बघायची. एकदा देवापुढे बसून त्यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ही चंदनाची उदबत्ती चांगली दरवळते हो." उदबत्ती लावलेली नव्हती. काडी नुसती खोचलेली होती. मी म्हटलं, "हो, छानच आहे." आणि त्या आंघोळीला गेल्यावर ती पेटवली.

हे मी हेमंतला सांगितलं नाही. गॅसचं बटण मात्र दिवसातून दहादा बघायची.

कुंड्यांत दाटी झाली तेव्हा माई विरळणी करायला बसल्या. नको असलेली रोपं उपटायची, चुरगळायची, बाजूला टाकायची. मी शेजारी काड्या रोवत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. बोटं नाकाजवळ गेली. मग त्यांनी आणखी एक रोप उपटलं, चांगलं धडधाकट, आणि ते तळहातावर चोळलं.

"काय झालं माई?"

"काही नाही. माती गेली नाकात."

बाकीची विरळणी त्यांनी अगदी सावकाश केली.

दसरा झाला आणि एका सकाळी वृंदावनात रोप दिसलं. मी धावत गेले आणि तिथंच थबकले. राखाडी झाक असलेली पानं, कडेला कातरलेली, वर मऊ लव. तुळशीच्या कुळातलं, पण तुळस नव्हे. डाळिंबाखाली एक जागा रिकामी झालेली होती.

मी सगळं ताडलं. माझ्या मते ताडलं. तुळशीचं बी उडून माझ्या कुंडीत रुजलं असं समजून बिचाऱ्या माईंनी तिथलं एक रोप उचललं आणि वृंदावनात लावलं होतं. वास आला असता तर पहिल्याच क्षणी कळलं असतं. तो येत नाही, म्हणून कळलं नाही. आणि आता मी तोंड उघडलं तर त्यांची रवानगी पुण्याला. मी तोंड बंद ठेवलं.

माई रोज आंघोळ करून यायच्या, वृंदावनाला पाणी घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या, प्रदक्षिणा घालायच्या. मग एक पान खुडून बोटांत चुरायच्या आणि डोळे मिटून नाकाशी धरायच्या, बराच वेळ. मला वाटायचं, हे माझ्यासाठी चाललंय, नाक शाबूत असल्याचा देखावा. मी खिडकीतून बाजूला व्हायची.

माझी बाकीची रोपं मी वांग्यांच्या कडेनं लावली. पानांना हात न लावता, मुळाच्या मातीसकट हलवली, कारण पान चुरगळल्याशिवाय वास सुटत नाही आणि वास सुटल्याशिवाय मांजराला पत्ता लागत नाही. मावा खरंच कमी झाला. डास तेवढेच राहिले. हवालदार माझ्या रोपांजवळून गस्तीवर जायचा आणि ढुंकूनही बघायचा नाही. वृंदावनावर मात्र चढून बसायचा, गाल घासायचा, उताणा होऊन चारी पाय वर करायचा. तो तिथंच का जातो, याचा मी तेव्हा विचार करायला हवा होता. मी त्याला हाकलत राहिले.

निकमकाकूंनी भिंतीवरून पाहिलं. "अवो माई, बगा तुमचा बोका. तुळशीत लोळतोय. पाप लागंल की त्याला."

"त्याचं तो बघेल," माई म्हणाल्या.

हेमंतचा फोन यायचा. "उगवलं का काही?"

"उगवलंय," मी म्हणायची. खोटं नव्हतं ते.

"खरंच?" त्याच्या आवाजात थोडी निराशा. "माईला दे."

माई फोन घ्यायच्या. "वृंदावन रिकामं नाही रे," म्हणायच्या. रोज तेच वाक्य. मला ते जरा विचित्र वाटायचं, पण माई पहिल्यापासून मोजकंच बोलणाऱ्या.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी हेमंत दुपारी आला. येताना मोठी निळी सूटकेस घेऊन आला, रिकामी. ती त्यानं बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून उभी केली. माई तिला वळसा घालून ये-जा करत राहिल्या.

वृंदावनाला गेरू लावला होता, वर चुन्याची नक्षी. उसाचा मांडव, चिंचा, आवळे, पणत्या. माईंनी त्या रोपाला हिरवा खण नेसवला, पानं झाकली जातील असा. दिवेलागणीला वैद्य गुरुजी आले. निकमकाकू आल्या, त्यांच्या हातात गोडेतेलाच्या कापलेल्या डब्यात एक टपोरी तुळस. "आणली बगा माई," म्हणाल्या आणि ती वृंदावनाच्या पायरीवर ठेवली. मला वाटलं, शेजारधर्म.

हेमंतनं बाळकृष्ण हातात घेतला. मी आणि काकूंनी अंतरपाट धरला. गुरुजींनी सूर लावला. पहिलं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि हवालदार मांडवात शिरला. कुणाला काही कळायच्या आत तो वृंदावनावर चढला, खणात तोंड खुपसलं आणि नवरीवर आडवा पडून लोळायला लागला. गुरुजी थांबले नाहीत. लग्नातले गोंधळ त्यांना नवे नव्हते.

हेमंतनं बाळकृष्ण ताम्हनात ठेवला आणि बोक्याला मानगुटीला धरून उचललं. खण सुटला. मोडलेली एक फांदी हेमंतच्या हातात आली. त्यानं ती पाहिली. मग हुंगली.

"थांबा गुरुजी," तो म्हणाला. "ही तुळस नाही."

माझ्या हातातला अंतरपाट खाली आला. काकूंनी त्यांचं टोक तसंच वर धरून ठेवलं.

"माई, हे काय आहे?"

"कॅटनिप," माई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हेमंतही.

"तुला माहीत होतं?"

"पन्नास वर्षं तुळशीला पाणी घालतेय. पान ओळखायला नाक कशाला लागतं?"

"मग फोनवर सांगायचीस तुळस उगवली म्हणून?"

"मी कधी सांगितलं? वृंदावन रिकामं नाही म्हणत होते. नव्हतंच ते रिकामं." त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, नवरी पायरीवर आहे. निकमबाईंची. त्यांना मी परवाच सांगून ठेवलं होतं. मुहूर्त टाळू नका." मग हेमंतकडे न बघता म्हणाल्या, "माझं बी उगवलं नाही हेमंता. तीनदा पेरलं. शब्द दिलाय, मी येते. तू बाळकृष्ण धर."

काकूंच्या तुळशीचं लग्न लागलं. मी अक्षता टाकल्या त्या कुठं पडल्या मला ठाऊक नाही, डोळे भरून आले होते. फराळ वाटला, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले. काकू जाताना सूटकेसकडे बघून म्हणाल्या, "लईच मोठी हाय वो," आणि पदर तोंडाला लावून गेल्या.

पायरीवर आम्ही तिघं उरलो. पणत्या चालू होत्या.

"एक सांग," हेमंत म्हणाला. "तुळस नाही हे माहीत होतं, तर पूजा कसली करत होतीस रोज?"

माईंनी बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. हवालदार त्यांच्या मांडीवर येऊन बसला होता.

"दवाखान्यातून आले," त्या म्हणाल्या, "तर कशालाच वास नव्हता. भाताला नाही, साबणाला नाही, तुझ्या बाबांच्या शालीलाही नाही. ती शाल मी रोज कपाटातून काढून बघायची. तुला सांगितलं असतं तर तू उचलून नेलं असतंस. मग त्या दिवशी हिची रोपं उपटत होते, आणि बोटांना वास आला."

"कसला?"

"याचा. दुसऱ्या कशाचा येत नाही. याचा येतो." त्यांनी फांदी हातात घेतली. "वास काही फार चांगला नाही हो. पुदिना ओल्या पोत्यात बांधून ठेवल्यासारखा आहे. पण येतो. मग सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ज्याच्यापुढे जाऊन उभी राहते, तिथंच त्याला लावलं. देवाला चालेल असं वाटलं."

हेमंत उठला, आत गेला, परसात गेला आणि मूठ बंद करून आला. मी त्याला ओळखते. समोरचं माणूस रडत असलं तरी तो आधी मोजमाप घेतो.

"डोळे मिट," तो म्हणाला.

माईंनी डोळे मिटले. त्यानं एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. तुळस.

"काही नाही."

दुसरं, पुदिना.

"काही नाही."

मग पुन्हा तुळस. "नाही रे."

मग त्यानं चौथं पान चुरगळलं. माईंचा चेहरा उजळला. त्या हसल्या, डोळे मिटलेलेच. "हा," म्हणाल्या. "हा आला बघ."

हेमंतनं पानं खाली टाकली. त्यानंच काढलेला निष्कर्ष बरोबर निघाला होता. नाक गेलेलं होतं, बी उगवलेलं नव्हतं, दोन्ही बाजूंनी तो जिंकला होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "आपल्या बाल्कनीत हे येईल?"

"ऊन लागतं त्याला," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. मग विझत आलेल्या पणतीची वात पुढे सारत म्हणाला, "शेगडीचं बघतो मग."

दुसऱ्या दिवशी त्यानं साताऱ्यातूनच विजेची शेगडी आणली, माईंना बटणं शिकवली, सिलिंडर परत केलं. माई म्हणाल्या, जुनी शेगडी माळ्यावर असू दे. हेमंतनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माईंच्या साड्यांसाठी आणलेल्या निळ्या सूटकेसमध्ये त्यानं ती गॅसची शेगडी नीट वर्तमानपत्रात गुंडाळून भरली आणि पुण्याला नेली. आजही ती आमच्या पलंगाखाली आहे.

वृंदावनात आता निकमकाकूंच्या तुळशीचं रोप आहे आणि तिच्या शेजारी कॅटनिप. दर कार्तिकात लग्न तुळशीचं लागतं. कॅटनिप करवली म्हणून उभं असतं आणि वऱ्हाडातला एक पाहुणा तिच्यावर लोळतो. त्याला आता कुणी उठवत नाही.

त्या पहिल्या लग्नानंतरच्या वैशाखात मी पुण्याला परतले होते, ऑफिसात होते. माईंचा फोन आला. या वेळी त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर आले.

"उल्का, दूध करपलंय."

"अहो मग बंद करा ना माई! तुम्ही कुठं आहात?"

"इथंच. शेगडीपाशी. मी पेपर वाचत होते बाहेर." त्यांनी मोठा श्वास घेतला. "बाहेर होते गं मी. आणि मला बाहेर वास आला."

फोनमधून चरचर ऐकू येत होती.

"माई," मी म्हटलं, "बंद करा. पातेलं जाईल."

"जाऊ दे," माई म्हणाल्या. "जरा थांब."